गुठळीची राखण

दाढ काढली की जबड्यात एक खळगा उरतो. त्या खळग्यात रक्त भरते, काही मिनिटांत साकळते आणि त्याची गडद लाल, मऊ गुठळी धरते. दाढ काढल्यानंतरचे सगळे शास्त्र या एका गुठळीभोवती फिरते. ती जागेवर राहिली तर खालच्या हाडावर आणि नसांच्या टोकांवर पांघरूण राहते, तिच्याच आधाराने खळगा तळापासून भरत येतो आणि दोन-तीन आठवड्यांत वरून हिरडी मिटत येते. ती निसटली तर काय होते, ते पुढे यथास्थान येईल. गुठळी टिकवण्यासाठी रुग्णाने करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत, न करायच्या गोष्टी पुष्कळ. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, नळीने ओढून काही प्यायचे नाही, त्या जागी जीभ, बोट, काडी यांपैकी काही न्यायचे नाही, वाकून ओझे उचलायचे नाही. म्हणजे गप्प पडून राहायचे. कागदावर हा उपचार सोपा दिसतो. आजारी माणसाला नुसते पडू देणे हा जिथे माणुसकीला बट्टा मानतात, तिथे तो दाढ काढण्यापेक्षा अवघड जातो.

कनेरगाव नाका हे असे गाव आहे. हिंगोली जिल्ह्यात, वाशीम जिल्ह्याच्या हद्दीजवळ, अकोल्याहून नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गावर ते वसले आहे. नाक्यावर एसटी थांबते, जीप थांबतात, ट्रक थांबतात आणि ज्याला कुठेच जायचे नाही तोही थांबतो. अशा ठिकाणी गालाला रुमाल लावून गाडीतून उतरलेला माणूस घरी पोचेपर्यंत त्याचे निदान, कारण आणि उपाय ही तिन्ही ठरून गेलेली असतात. एकमत मात्र तिन्हींपैकी एकावरही नसते. पहिला मतभेद भूगोलाचा. दाढ हिंगोलीला काढली असेल तर "वाशीमला दाखवायचं होतं," असे म्हणतात आणि वाशीमला काढली असेल तर "हिंगोली काय लांब होती का?" असे विचारतात. दोन्ही शहरे नाक्यापासून जवळच असल्याने या प्रश्नाला उत्तर नाही, आणि म्हणूनच तो टिकून आहे.

हद्दीवरच्या या मुलखाला वेदनाशमनाचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जवळून शिवून गेला आहे. १९४८पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि वाशीम १९४७पर्यंत इंग्रजांच्या कारभारातल्या वऱ्हाडात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लोरोफॉर्मवरून डॉक्टर मंडळींत जोराचे भांडण जुंपले होते. क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा वादाचा मुद्दा. तो मिटवण्याचा खर्च उचलला हैदराबादच्या सहाव्या निजामाने. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी त्यांचे कर्तेधर्ते होते, आणि लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने आपला तज्ज्ञ पाठवावा म्हणून निजामाने एक हजार पौंड दिले. शेकडो जनावरे, त्यांत बरीचशी कुत्री, बेशुद्ध करून आयोगाने निकाल दिला की दोष श्वासाचा आहे, हृदयाचा नाही. पुढे विसाव्या शतकात सिद्ध झाले की क्लोरोफॉर्म हृदयही बंद पाडू शकतो. एवढा खटाटोप राजधानीत चालू असताना त्याच राज्यातल्या शेतकऱ्याची दाढ मात्र चिमटा, एक जाणता माणूस आणि खांदे दाबून धरणारे दोन भाऊ एवढ्या सामग्रीवरच निघत असणार.

आज हिरडीत जे इंजेक्शन देतात ते लिग्नोकेनचे. हे औषध स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली तयार केले आणि १९४८ साली ते बाजारात आले. त्याच १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि दात काढण्याचा अधिकार कोणाला आहे व कोणाला नाही हे ठरवणारा दंतवैद्य कायदाही भारतात त्याच वर्षी झाला. तिन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी कनेरगावच्या माणसाच्या दाढेपुरते बोलायचे तर इतके भाग्याचे दुसरे वर्ष दाखवता येणार नाही.

लिग्नोकेनचा अंमल ओठ, गाल आणि जिभेच्या एका बाजूवर साधारण दोन ते चार तास राहतो. दुखणे नसल्यामुळे हाच काळ जोखमीचा. रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. तो नाक्यावर उतरतो, हॉटेलच्या बाकड्यावर बसतो आणि चहा सांगतो. चहा बशीत ओतून तो फुर्रकन ओढला जातो खरा, पण ओठाची उजवी बाजू आपल्याकडे नाही हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे अर्धा चहा पोटात आणि अर्धा हनुवटीवरून सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापर्यंत उतरतो. समोरचे तीन लोक बघत असतात, कोणी सांगत नाही. पोटात गेलेल्या चहाने गालाला आतून चटका दिलेला असतो, तो कळतो संध्याकाळी. ओठ चावला गेला तर तेही तेव्हाच कळते. लहान मुले तर गंमत म्हणून बधिर ओठ चावत बसतात आणि दुसऱ्या दिवशी दाढेपेक्षा ओठच जास्त सुजतो. म्हणून बधिरपणा उतरेपर्यंत गरम काही प्यायचे नाही आणि चावून काही खायचे नाही. ओढून पिण्याने गुठळीवर ताण येतो, तो तोटा वेगळा.

डॉक्टरने खळग्यावर ठेवलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा असतो. या दाबानेच रक्त थांबते. बोळा तोंडात असताना बोलता येत नाही, आणि नाक्यावर ओळखीचे कोणी दिसले की बोलल्याशिवाय राहवत नाही, या दोन सत्यांच्या कचाट्यात तो बोळा सापडतो. दर पाच मिनिटांनी तो बाहेर काढून "अजून येतंय बघ" म्हणून दाखवला जातो, आणि प्रत्येक वेळी धरत आलेली गुठळी त्याला चिकटून थोडी बाहेर येते. पहिल्या दिवशी लाळेत लालसर झाक राहणारच. एक थेंब रक्त आणि तोंडभर लाळ मिळून जे दिसते, ते बघणाऱ्याला मोठा रक्तपात वाटते. ती लाळ गिळायची. गिळल्याने काही होत नाही, थुंकल्याने होते. पिचकारी मारणे हा ज्यांचा श्वासासारखा नित्यक्रम आहे, त्यांना हे सांगणे म्हणजे चोवीस तास श्वास रोखायला सांगण्यासारखे आहे. थेंब थेंब रक्त सुरूच राहिले तर स्वच्छ गॉजची नवी घडी ठेवून पुन्हा अर्धा तास न बघता दाबायची. परदेशी पुस्तके गॉजऐवजी ओली टी-बॅगही चालते म्हणून सांगतात, कारण चहातले टॅनिन रक्त साकळायला मदत करते. कनेरगावात चहा उकळून उकळून गाळला जातो. टॅनिन भरपूर, बॅग नाही.

घरी पोचल्यावर भेटायला येणारे येतात. दाढ काढणे हा काही भेटायला येण्याचा आजार नव्हे, पण मोबाइलवर खबर गेलेली असते. त्यांना आधी काढलेली दाढ बघायची असते. अनेकजण ती कागदाच्या पुडीत घेऊन येतात. पुडी उलगडते आणि दाढ हातोहात फिरते. खालच्या मोठ्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात, वरच्या दाढेला तीन. मुळे पाहून मंडळी हळहळतात आणि बांधावरच्या बाभळीच्या खोडाबद्दल बोलावे तसे तिच्याबद्दल बोलतात. मग कोणीतरी विचारते, "किडा दिसना झालाय की?" दाताच्या आत किडा असतो आणि तोच दात पोखरतो, ही समजूत जगात अनेक ठिकाणी होती. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात ती नाकारली. दाढ किडते ती जिवाणूंनी गोड-पिठूळ खाण्यापासून तयार केलेल्या आम्लाने. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखवणारे लोक बाजाराच्या दिवशी बसत, त्यांच्या ताटलीत जे पडे ते बियांतूनच निघालेले असे, हे सांगून उपयोग नसतो. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांच्यापुढे फोशारचे काय चालणार?

डोळ्यांवरून आठवले. वरची दाढ काढली की नजर जाते, ही दुसरी समजूत किड्याहून चिवट आहे. ज्येष्ठ मंडळी रुग्णाच्या पुढ्यात बोटे धरून "किती?" म्हणून विचारतात. एखादी मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून तिथी वाचायला लावते, आणि ती तिला स्वतःलाच दिसत नसल्याने उत्तर बरोबर की चूक हे लांबणीवर पडते. वरच्या दातांना संवेदना देणारी नस आणि डोळ्यातली पाहण्याची नस या दोन वेगवेगळ्या आहेत, एकीवरच्या कामाने दुसरीला धक्का लागत नाही. म्हातारपणी दातही जातात आणि नजरही जाते. दोन्ही एकाच वयात घडते म्हणून एकाचे खापर दुसऱ्यावर फुटले असावे. वरच्या दाढेला खरे शेजार आहे ते वरच्या जबड्याच्या हाडातल्या पोकळीचे, म्हणजे सायनसचे. मुळे तिथपर्यंत पोचलेली असतील तर क्वचित तळाला छिद्र पडते आणि प्यायलेले पाणी नाकातून येते. असे झाले तर नाक जोरात शिंकरायचे नाही आणि डॉक्टरला गाठायचे. याची भीती मात्र कोणी घालत नाही, कारण ती खरी आहे.

ठणका सुरू होतो तो बधिरपणा उतरल्यावर, आणि तो वाढायच्या आधीच पहिली गोळी पोटात गेलेली बरी. इथे जगाचे एकमत बरेच झाले आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या पुढाकाराने २०२४ साली निघालेल्या सूचनांनुसार मोठ्या माणसांत दाढ काढल्यानंतरच्या दुखण्यावर पहिली निवड आयबुप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळीची, एकटी किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने. अफूच्या जातीची जोरकस औषधे लागलीच तर नंतर. ज्यांना पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा आहे, ज्या गरोदर आहेत किंवा जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी आयबुप्रोफेनच्या वाटेला विचारल्याशिवाय जायचे नाही. गोळी खाऊन घ्यायची, वेळेवर घ्यायची आणि दोन मात्रांत सांगितलेले अंतर ठेवायचे.

गावात गोळ्यांचा ओघ तीन दिशांनी येतो. एक पाकीट डॉक्टरने लिहून दिलेले. दुसरे, ते लागू पडत नाही असे पहिल्या तासातच ठरवून मेडिकलवरून "जरा हार्ड द्या" म्हणून आणलेले. तिसरे, भाच्याने पुण्याहून आणून फ्रिजवर ठेवलेले, ज्याच्यावरचे नाव पुसट झाले आहे पण गुण अजून सांगितला जातो. तिन्ही पाकिटांचे रंग वेगळे, नावे वेगळी, आणि पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलेले औषध पुष्कळदा एकच: पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने ते दिवसभरात चार ग्रॅमच्या वर घेऊ नये, नाहीतर यकृताला इजा होते. तीन हितचिंतक मिळून ही मर्यादा दुपारच्या चहापर्यंत ओलांडू शकतात. अँटिबायोटिक ही दुखण्याची गोळी नव्हे. ती सगळ्यांना लागतही नाही. दिली असेल तर सांगितले तितके दिवस घ्यायची, दोन गोळ्या खाऊन उरलेल्या शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी राखून ठेवायच्या नाहीत. ॲस्पिरिनची गोळी फोडून हिरडीवर दाबून धरणारेही आहेत. त्याने दुखणे थांबत नाही, हिरडी भाजते, आणि पोटात गेलेली ॲस्पिरिन रक्त लवकर साकळू देत नाही. ज्यांना हृदयासाठी ती रोज चालू आहे त्यांनी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. एवढे सगळे करूनही घरातल्या कर्त्या माणसाचा आग्रह राहतोच की एक सुई मारून आणावी. सुईशिवाय झालेला उपचार या भागात पुरा मानत नाहीत.

सूज दाढ काढल्या दिवशी फारशी दिसत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि मग उतरू लागते. रुग्णाला आणि पाहुण्यांना मात्र वाटते की तिसऱ्या दिवशी प्रकृती बिघडली. पहिला दिवस थंडाचा: फडक्यात बर्फ गुंडाळून गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटे धरायचा, तितकाच वेळ काढून ठेवायचा, पुन्हा धरायचा. घरात बहुधा बर्फ नसतो, तो शीतपेयांच्या दुकानातून आणावा लागतो, आणि आणता आणता वाटेत निम्मा होतो. वाट न पाहता आजी चुलीजवळची वीट तापवून कापडात गुंडाळून आणते, कारण दुखणे म्हणजे शेक हे तिला पाठ आहे. विटेचा शेक वाईट नाही, त्याची वेळ दोन दिवसांनी येते. पहिल्या दिवशी शेकल्यास सूज आणि रक्त दोन्ही वाढतात. रात्री उशाला दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे. दोनचार दिवस जबडा पूर्ण उघडत नाही, त्याचीही फार काळजी करू नये. गालावरचा रुमाल तसा कोणाच्या नजरेत येऊ नये अशीही एक सोय आहे: दाढ एप्रिल-मेमध्ये काढावी. त्या दिवसांत नाक्यावरचा प्रत्येकच माणूस डोक्यापासून हनुवटीपर्यंत उपरणे गुंडाळून फिरत असतो, दाढवाला कोण आणि उन्हाला भिणारा कोण हे बायकोलाही ओळखू येत नाही.

आता हळद. हिंगोली जिल्हा हा हळदीचा जिल्हा आहे. हिंगोलीचा हळद बाजार राज्यात नावाजलेला आहे आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ज्या जिल्ह्यात इतकी हळद पिकते, तिथे तोंडात एवढा मोठा रिकामा खळगा दिसल्यावर तो हळदीने भरावा असे कोणाला वाटणार नाही? घरची, पॉलिश न केलेली, दळून आणलेली हळद चिमटीत धरून मंडळी उभीच असतात. हळदीत गुण असतील. त्या खळग्यात मात्र पूड, मीठ, तुरटी, चुना, विभूती यांपैकी काहीही दाबून भरायचे नसते. पूड गुठळीला चिकटते, कुजते, आणि पुन्हा धुऊन काढताना गुठळीही निघते. भक्तीने भरलेल्या अशा खळग्याला पुढच्या दवाखान्यात उकरावे लागते. हळद दुधात घालून प्यावी, कोमट करून. हा तोडगा सर्वांना मान्य होतो, कारण त्यात निदान कोणाची तरी हळद खपते.

तंबाखूचा प्रश्न याहून अवघड. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि जखमेला रक्त कमी पोचते, बिडीच्या धुरातली उष्णता आणि ओढण्याचा ताण गुठळीला हलवतो. निदान तीन दिवस तरी तंबाखू, बिडी, खर्रा सगळे बंद ठेवावे लागते. हद्दीवरच्या गावाचे दुःख असे की एकीकडून विदर्भातला खर्रा येतो आणि दुसरीकडून मराठवाड्यातली तंबाखू-चुन्याची चिमूट, आणि दोन्ही संस्कृतींचा संगम एकाच गालात होतो. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. त्यामुळे तो कुठेच मिळत नाही आणि सगळ्यांच्या खिशात असतो. रुग्णाची तंबाखूबंदी म्हणजे तंबाखू दुसऱ्या गालात ठेवणे, असा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. बायकांच्या बाबतीत डॉक्टरचा प्रश्न चुकतो. "तंबाखू खाता का?" या प्रश्नावर त्या "नाही बाई" म्हणतात, आणि ते खरेच असते. मिसरीचे कोणी विचारलेलेच नसते. भाजलेली तंबाखू रोज दोनदा हिरड्यांना चोळणे हे त्यांच्या हिशेबी दात घासण्यात मोडते. दाढ काढल्यावर हिरडी दुखते म्हणून त्या मिसरी थोडी जास्तच लावतात.

खाण्याबद्दल सांगायचे तर पहिला दिवस थंड किंवा कोमट आणि मऊ पदार्थांचा: दहीभात, ताक, केळे, गार झालेली साबुदाण्याची खीर, कोनाशिवाय आईस्क्रीम. दुसऱ्या दिवसापासून पातळ वरणात कुस्करलेला भात, मऊ खिचडी, दुधात चांगली भिजवलेली भाकर. विरुद्ध बाजूने चावायचे. तीळ, शेंगदाणे, चिवडा, पेरूच्या बिया आणि ज्वारीच्या कण्या काही दिवस दूर ठेवायच्या. हे पदार्थ चुकून खळग्यात बसले की तिथेच मुक्काम करतात. ठेचा तर नावातच काय होणार ते सांगतो. रसवंतीवर बसून उसाचा रस प्यायला हरकत नाही, पण पेल्याने, आणि नळी मालकाला परत करून. खरी परीक्षा भंडाऱ्याच्या पंगतीत होते. रोडगे आणि वांग्याची भाजी असलेल्या ताटावर बसून "मला चालत नाही" म्हणणाऱ्याला वाढपी सोडत नाही. "वरणात बुडवून खा, लोणी होतंय" म्हणून तो रोडगा ठेवतोच. त्याला लोणी व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पंगत उठते.

आता निसटलेल्या गुठळीकडे वळायला हवे. साध्या दाढेत शंभरात दोन ते पाच जणांना हा त्रास होतो, खालच्या अक्कलदाढेत त्याहून बराच जास्त. दाढ काढल्यावर एक-दोन दिवस बरे वाटते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांच्या दरम्यान अचानक भयंकर ठणका उठतो. तो कानापर्यंत, कधी कानशिलापर्यंत जातो, तोंडाला घाण चव येते, गोळीने दबत नाही, आणि आरशात बघितले तर खळगा रिकामा आणि आत फिकट हाड दिसते. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. या वेळी गावातून येणारे सल्ले एकदम बंद होतात. माणूस खरोखरच आजारी असल्याची खात्री पटलेली असते. दंतवैद्य खळगा हलक्या हाताने धुतो आणि त्यात युजेनॉलची ओली पट्टी बसवतो. ठणका तासाभरात उतरू लागतो. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. पहिल्या दिवसापासून "लवंग धर, लवंग धर" म्हणणाऱ्या शेजारणीचा हा विजय आहे आणि तो ती पुढे वर्षभर साजरा करते. तिच्या सल्ल्यातली उणीव एवढीच की ताज्या जखमेवर कच्ची लवंग किंवा तेल टाकल्याने ऊती पोळते. तेच द्रव्य, ठरल्या मात्रेत, ठरल्या वेळी, ज्याला खळग्याचा तळ दिसतो त्याच्या हातून गेले तर औषध होते. शेजारीण या बारकाव्याशी सहमत नाही.

चोवीस तास उलटले की मिठाच्या पाण्याची परवानगी मिळते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर आणि झोपताना. दिवसभराच्या उपासानंतर चूळ भरायला मिळाल्याचा आनंद होऊन काहीजण अंगणाच्या टोकापर्यंत पिचकारी मारतात. तसे करायचे नाही. पाणी तोंडात घेऊन मान इकडून तिकडे कलती करायची आणि तोंड उघडून ते पडू द्यायचे. बाकीचे दात पहिल्या रात्रीपासून हलके घासायचे, त्या जागेला ब्रश लावायचा नाही. टाके रेशमाचे घातले असतील तर आठवड्याने काढायला जावे लागते. आपोआप विरघळणारे असले तर जावे लागत नाही, पण कोणते घातले हे विचारायचे राहून गेलेले असते, म्हणून दोन्ही पक्षी एक खेप होतेच.

पुढील लक्षणे दिसली तर मिठाचे पाणी, वीट, हळद सगळे बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. तास-दोन तास दाबून धरूनही रक्त वाहत राहणे, तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच जाणे, ताप येणे, पू येणे, तोंड मुळीच उघडता न येणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही न जाणे. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर दाढ काढण्याच्या आधीच ते सांगायचे असते. "विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही" हे उत्तर या बाबतीत मानत नाहीत.

हिरडी मिटली तरी आतले हाड भरायला तीन ते सहा महिने लागतात. त्या काळात जीभ दिवसातून शंभरदा तिथे जाऊन मोकळ्या जागेची मोजणी करते. डॉक्टर कवळी, ब्रिज किंवा इम्प्लांट यांपैकी काहीतरी बसवा म्हणून सांगतात आणि त्यासाठी पुन्हा हिंगोली की वाशीम हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक जण हिशेब करतात की बत्तिसातला एक गेला, एकतीस शाबूत आहेत, भाकर चावता येतेय, खर्च कशाला? तोवर शेजारच्या दाढा त्या मोकळ्या जागेकडे हळूहळू कलू लागतात, आणि खालची दाढ गेली असेल तर तिच्यावर टेकणारी वरची दाढ, टेकायला खाली काही न उरल्याने, सरकत सरकत खाली उतरू लागते.